तिसऱ्या साक्षीदाराचा ठराव

अक्षता पडल्या आणि वाजंत्री थांबली, की आमच्या गावात नवरानवरीजवळ सगळ्यात आधी पोचतात ते मुंजाजीमामा. गळ्यात खाकी पिशवी. पिशवीत विवाह नोंदणीचा अर्ज, स्टॅम्पपॅड आणि दोऱ्यानं बांधलेला पेन. वरमाय ओवाळायला ताट घेऊन उभी असते, तिला बाजूला करून मामा विचारतात, "आधार कार्ड आणलंय का?" पेडगावच्या एका नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवर या गडबडीत निळा अंगठा उठला. तो नवरदेव अजून मामांशी बोलत नाही. पण त्याच्या लग्नाची नोंद मात्र पक्की आहे.

मामा आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. मी ग्रामसेवक. म्हणजे कायद्यानं लग्नाची नोंद करणारा मी, पण मामा नसते तर माझ्या रजिस्टरात कोळ्यांनी जाळी विणून संसार थाटले असते. गावाचं नाव मी सांगत नाही. कारण पुढं कळेल, आणि त्यात माझी शोभा आहे.

"मंगळसूत्र चोर नेतंय भाऊसाहेब, फोटोला वाळवी लागतीय," मामा म्हणायचे. "कागद असला म्हंजे कोणी इचारत न्हाई, तुमी ह्याचे कोण म्हणून."

अर्जावर तीन साक्षीदार लागतात. दोन कसेबसे सापडतात, तिसरा पंगतीत बसलेला असतो. म्हणून तिसरी सही कायम मामांची. सहीला ते 'दस्तखत' म्हणतात आणि दस्तखत झालं की समोरच्याला बजावतात, "तारीख टाका. बिनतारखेचं दस्तखत म्हंजे निस्तं चित्र." एकदा त्यांनी आमदारांकडूनही वह्या वाटपाच्या कागदावर तारीख टाकून घेतली होती. आमदार पुन्हा वह्या घेऊन आले नाहीत.

एवढी लग्नं लावणारा हा माणूस स्वतः बिनलग्नाचा. त्यांच्या घरात शेषराव राहायचा. येलदरीच्या धरणावर रोजंदारीवर होता. ते काम सुटल्यावर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन जिंतूरच्या सकाळच्या एसटीनं आला आणि एकोणीस वर्षं राहिला. मासा तळावा तर शेषरावनंच. मामा माळकरी, त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर पिठलं करून मग हा आपली कढई ठेवायचा. गाव त्यांना 'जोडी' म्हणायचं आणि त्यापुढं काही म्हणायचं नाही. गेल्या साली शेषराव वारला. जिंतूरहून पुतण्या आला, त्यानं सगळं केलं, मृत्यूची नोंदही त्यानंच दिली. रजिस्टर माझ्यापुढं मामांनीच आणून ठेवलं होतं. मी मान वर केली नव्हती.

आता माझा पराक्रम.

ग्रामसभेचं इतिवृत्त सभेनंतर लिहायचं असतं, असं म्हणतात. मी ते सभेच्या आधी लिहायचो. सभा बाराला असली की साडेअकराला माझं लिखाण तयार. प्रत्येक ठरावाखाली 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' ही ओळ आधीच, आणि त्याखाली अनुमोदक म्हणून माणिकराव. माणिकराव आमचे माजी सरपंच. गावातला सगळ्यात कडक माणूस. मुहूर्त चार मिनिटं टळला म्हणून भर मांडवात भटजी बदलणारा. पण ते सभेला कधी येत नसत, त्यामुळं हरकतही घेत नसत, म्हणून मला फार सोयीचे. त्यांच्याच गोठ्याचं अतिक्रमण काढण्याच्या ठरावालासुद्धा त्यांचंच अनुमोदन आहे.

तर एका ग्रामसभेत सगळे विषय संपले, लोक चहाकडं वळले, आणि ऐनवेळच्या विषयात मामा उभे राहिले. "शिपाई असलो तरी मतदार हाय," म्हणाले आणि एक चिठ्ठी घडाघडा वाचून माझ्या हातात दिली. मी बिस्किट बुडवायलो होतो. सरपंच शोभाताई फोनवर होत्या. चिठ्ठी मी, काय लिहितोय तिकडं लक्ष न देता, तशीच्या तशी इतिवृत्तात उतरवली; खाली मंजुरीची ओळ आणि माणिकराव तयारच होते. नक्कल वर पंचायत समितीत गेली.

आठ दिवसांनी तिथल्या विस्तार अधिकाऱ्यांचा फोन. "अभिनंदन. पुरुषानं पुरुषाशी आणि बाईनं बाईशी लग्न करायला पाठिंबा देणारं गाव आपल्या तालुक्यात निघंल, असं वाटलं नव्हतं."

मी म्हणालो, "साहेब, राँग नंबर."

"ठराव क्रमांक नऊ. अक्षर तुमचं हाय."

रजिस्टर उघडलं. खरंच माझंच अक्षर, वळणदार. 'ज्या दोन माणसांना एकमेकांशी लग्न करायचं आहे, ते दोघं पुरुष असोत की दोघी बाया, त्यांच्या लग्नाची नोंद व्हावी असा कायदा सरकारनं करावा, अशी ही ग्रामसभा शिफारस करत आहे.' खाली सविस्तर चर्चा. खाली सर्वानुमते. खाली माणिकराव.

माणिकरावांना कळलं तर ते मला माझ्याच सही-शिक्क्यानिशी गावाबाहेर काढणार होते. मी मामांना बोलावलं.

"हे काय करून ठेवलंत मामा?"

"म्या काय केलं? लिव्हलंय तुमी."

"आता पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. मी त्याच्या आधी नजरचूक म्हणून खोडून टाकतो."

मामा कधी काही मागत नाहीत. दिवाळीचा नवा गणवेशही त्यांना पिशवीत कोंबून द्यावा लागतो. ते दाराला धरून उभे राहिले. "खोडू नका, भाऊसाहेब. मोठ्या कोर्टानं सांगितलं, हे कायदा करणाऱ्यांनी बघावं. त्यांला सांगावं कोणी? आपली नाली तुंबली की आपुन ठराव करून वर धाडतो का न्हाई? तसंच हे. तुमी सभेत वाचा. लोकांनी न्हाई म्हणलं तर माझ्यासमोर खोडा. मी रेघ मारायला पट्टी धरतो."

मी वचन दिलं. नंतर रात्रभर, म्हणजे जेवणापर्यंत, पस्तावलो.

पुढच्या सभेला मारुतीच्या पारावर जागा उरली नाही. बातमी गावभर गेली होती. पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी टाकून, माणिकराव. मी आठ ठराव सावकाश वाचले. आयुष्यात पहिल्यांदा मला नालीचा विषय अपुरा वाटला. शेवटी नववा वाचला.

मागून गोदाकाकू म्हणाल्या, "दोन्ही नवरेच असल्यावर मानपान कोणाचा करायचा?"

"दोघांचा करा," शोभाताई म्हणाल्या. "आजवर एकाचाच करून आपण मेलो."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "अर्जात वर आणि वधू असे दोन रकाने असतेत. कसं बसवायचं?"

मामा पुढं आले. "रकाने दोन हायत. माणसं बी दोनच हायत. माझ्या हिशेबानं बसायलेत."

मग माणिकराव काठी टेकत उठले. मी रजिस्टर छातीशी धरलं.

"ग्रामसेवक, अनुमोदक म्हणून माझं नाव कोणी घातलं?"

"माझी चूक झाली, काका. मी तुमचं नाव आधीच लिहून ठेवतो."

"किती ठरावांना?"

"सगळ्याच."

"गोठ्याच्या?"

मी मान डोलावली. सभेत खोकल्याची साथ आली. माणिकराव मामांकडं वळले.

"शेषराव आजारी होता तवा दोन महिने त्येला चमच्यानं पाणी कोण पाजायलं होतं, ते मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. आन् चितेभोवती मडकं घेऊन फिरला कोण, तर वर्षातून एकदा तोंड दाखवणारा पुतण्या. हा मुंजाजी लोकांच्या मागं, बाभळीखाली उभा होता. मी तवाच बोलाया पाहिजे होतं. माझी जीभ उचलली न्हाई." ते खाली बसले. "गोठ्याच्या ठरावातून माझं नाव काढा. ह्याच्यातलं राहू द्या."

हात वर झाले. सगळे नाही. सात-आठ जण तोंड फिरवून निघून गेले, एकानं जाताना माझ्या अकलेची विचारपूस केली. पण मोजले तेव्हा ठराव चांगलाच कायम होता. मी 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहिलं. माझ्या नोकरीतली ती बहुधा पहिली खरी ओळ.

मामांनी सगळ्यांना चहा वाटला. चेहऱ्यावर काही नाही. कपबशा गोळा करून, सतरंज्या घड्या घालून ते कार्यालयात आले आणि खाकी पिशवीच्या तळातून एक अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. घड्यांवर कागद पिवळा पडला होता. वराच्या रकान्यात मुंजाजी. 'वधू' हा शब्द पट्टी लावून नीट खोडलेला, त्यावर शेषराव. दोघांच्या सह्या, दोघांच्या तारखा. लग्नाचा दिवस म्हणून लिहिलं होतं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जिंतूरच्या सकाळच्या गाडीनं.

"नोंदवू नका, भाऊसाहेब. नोंदवता येत न्हाई, मला ठावं हाय. दोन साक्षीदारांच्या जागा शोभाताईंनी आन् माणिकरावांनी आत्ताच भरल्यात. तिसरा मीच असतोय, पण ह्याच्यात नवरदेवच मी, म्हणून चालत न्हाई."

मी तो अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एकही शब्द न गाळता. मग सही केली.

मामांनी कागद उजेडाकडं धरून बघितला आणि परत माझ्यापुढं सरकवला.

"तारीख राहिली," म्हणाले.