मागच्या थरानं केलेली चहाडी

शिशाच्या जाड भिंतींच्या खोलीतला, किरणोत्सर्ग मोजणारा तो डबा म्हणजे संशोधिकेचा जीव की प्राण. आत चमकणाऱ्या पदार्थाचे दोन थर होते. अशक्त किरण आला की पुढचा पातळ थर चमकायचा, दणकट किरण आला की मागचा जाड. यंत्र मोठं तिखट कानाचं, आणि आज त्याची परीक्षा होती. साहेब तपासणीला येणार होते. पडद्यावरचा आकडा तळाला टेकला, म्हणजे खोलीत भटके किरण नाहीत असं ठरलं, तर खोली तिची, नाहीतर भांडार सांभाळणाऱ्या वहिनींच्या मोडक्या खुर्च्यांची. आणि वहिनी म्हणजे साहेबांच्याच सौभाग्यवती! निकाल कुठे झुकणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

सकाळभर आकडा शहाण्या बाळासारखा खाली बसला होता. ही दोघं आत आली मात्र, तो सरसर वर चढला.

"बिघडलंय बाई हे," वहिनी खुशीत म्हणाल्या. "खुर्च्या आणायला सांगू ना?"

"थांबा हो वहिनी! साहेब, तुमचं घड्याळ जुनं आहे का? जुन्या घड्याळांच्या काट्यांना किरण सोडणारा रंग असायचा."

घड्याळ बाहेर गेलं. मग बूट गेले, कोट गेला, पट्टाही गेला. साहेब एका हातानं पँट सावरत मोज्यांवर उभे राहिले, पण आकडा ढिम्म हलेना.

"अहो, आता आवरा," वहिनी म्हणाल्या. "उरलेलं काढलंत तर मीच बाहेर जाईन."

संशोधिका पडद्याकडे टक लावून बघत होती. "मागचाच थर चमकतोय. म्हणजे किरण दणकट आहेत. साहेब, हे कपड्यांतून नाही, अंगातून येतंय. दवाखान्यात काही टोचून घेतलंत का?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"काल हृदयाची तपासणी केली," ते चाचरत म्हणाले. "त्यात किरणांचं औषध टोचतात. छातीत जरा दुखत होतं. पण सगळं ठीक निघालं गं!"

"आणि मला मीटिंग आहे म्हणालात!" वहिनींचे डोळे भरून आले. "नवराबायकोत ही लपवाछपवी? मी कधी काही लपवलंय तुमच्यापासून?"

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून..." साहेब पँट धरून दाराकडे निघाले. "मी लांब जाऊन उभा राहतो. आकडा खाली आला तर खोली हिची."

दार लागलं. आकडा उतरू लागला, उतरला, आणि अर्ध्या वाटेवर अडून बसला. मागचा थर चमकतच होता.

खोलीत आता दोघीच होत्या, आणि संशोधिका तर सकाळपासून इथेच होती. तिनं हळूच मान वळवली.

"थायरॉइडची तपासणी," वहिनी पुटपुटल्या. "परवा. त्यातही किरणांचं औषध देतात. यांच्या जिवाला उगाच घोर नको म्हणून..." त्यांनी नाक पुसलं. "खुर्च्यांचं मी बघते गं कुठेतरी."

बाहेरून साहेबांनी हाक मारली, "आला का खाली?"

"पार तळाला, साहेब!" संशोधिकेनं आयुष्यात पहिल्यांदाच खोटा आकडा सांगितला.