दामूभाऊंची ग्रीक देवी

भिजवलेल्या मातीचा थंड वास आणि त्यावर फायबरच्या रसायनाची डोळ्यांत पाणी आणणारी उग्र झाक: अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत असा दरवळ सुटला, की ओळखावे, दामूभाऊंच्या अंगणात एखादी अप्सरा सुकते आहे.

दामूभाऊ माझे शेजारी, व्यवसायाने शिल्पकार. जगातली प्राचीन शिल्पे ते छायाचित्रांवरून तंतोतंत उतरवतात. आणि मग त्यांना राहवत नाही. मंदिराच्या भिंतीवरची, पायातला काटा काढणारी सुरसुंदरी त्यांनी पैंजणांच्या कड्यांसकट घडवली आणि शेजारी चपलांचा जोड ठेवला. "वऱ्हाडात बाभयीच बाभयी हायेत, ताई. पुन्हा काटा रुतला त?" एका मंगल कार्यालयासाठी ग्रीक थाळीफेक्या केला, तर त्याच्या थाळीत रोडगे! "रिकामी थाळी पाहून पावने काय समजतीन?"

मी हसले, की ते दुखावतात. "हसून काय राहिल्या? जुन्या लोकायचं राह्यलेलं काम पुरं करून राहिलो मी."

यंदा अमरावतीच्या एका प्रदर्शनाने त्यांना बोलावले. मंगल कार्यालयांच्या दारांत आयुष्य काढलेल्या कलेला प्रथमच दालन मिळणार होते! त्यांनी निवडली ती हात तुटलेली प्रसिद्ध ग्रीक देवी. मातीच्या मूर्तीवरचे ओले फडके दूर झाले आणि मी जवळ गेले. कमरेवरून ओघळणाऱ्या वस्त्राची चुणी न् चुणी तीच. पण देवीला हात फुटले होते! एक कमरेवर, दुसरा वस्त्राचे टोक उचलून कपाळाचा घाम पुसणारा. ती थेट अकोल्याच्या मे महिन्यात उतरली होती. मी तिच्या कपाळाला बोट लावले. ते ओले लागेल, असेच वाटले.

फायबरमध्ये ओतलेल्या देवीला टेम्पोतून घेऊन आम्ही अमरावती गाठली. संयोजक मात्र म्हणाले, "हात कापा. हातांमुळे ती ओळखूच येत नाही. कापलेत, तर दालनात मधोमध ठेवू." त्यांनी आरीही मागवली.

दामूभाऊंनी आरी देवीच्या खांद्यावर टेकवली. बराच वेळ तशीच धरली. मग खाली ठेवली.

"सायेब, माह्या मायचे हात शेवटी शेवटी लुले पडले होते. घाम मी पुसत जाय. जरासा उसीर झाला, का तिच्या डोयात उतरे. हिचे हात नाई कापत मी."

देवी पुन्हा टेम्पोत चढली. दोरीचे एक टोक मी धरले होते. माझ्याने राहवले नाही.

"भाऊ, एवढे सुंदर काम! आता पाहणार कोण?"

त्यांनी गाठ आवळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तुमी."