पडद्यामागचा तिसरा

ऐन दुपारी ताईने दिवाणखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या, तेव्हाच तिच्या भावाला, बँडच्या पियानोवाल्याला, आज आपली धडगत नाही हे कळलं. खोलीच्या मधोमध पडदा ओढलेला होता. पलीकडे ताई आणि रेकॉर्ड प्लेअर, अलीकडे तो आणि ड्रमवाला. खेळ त्यांच्या बँडचा जुनाच होता. जॅझमधलं एकच संथ विरहगीत, पिढ्यानपिढ्यांच्या वादकांनी आपापल्या तऱ्हेने वाजवलेलं. पडद्यामागून एकेक रेकॉर्ड लागायची, आणि ऐकणाऱ्याने आधी मत द्यायचं, मग वादकाचं नाव सांगायचं. मत देण्यात पियानोवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चांदण्यालाही हा डाग दाखवील, असं बँडमध्ये म्हणत.

ताईचा नवरा, बँडचा ट्रम्पेटवादक, हिवाळ्यात गेला होता. दाजी जन्मभर त्या एका गाण्याशी झुंजले. वाजवून झालं की ट्रम्पेट मांडीवर ठेवून ते मेहुण्याकडे पाहत, आणि मेहुणा म्हणे, ‘ठीक.’ त्याहून मोठा शब्द त्याच्या ओठांवर कधी आलाच नाही. दाजी हसून सोडून देत. ताईने सोडलं नव्हतं.

“ह्यातली एक रेकॉर्ड ह्यांची आहे,” पडद्यामागून ती म्हणाली. “ओळखलीस तर ठीक. नाहीतर तू ह्यांना कधी ऐकलंच नाहीस असं समजेन. मग ह्या घराची पायरी पुन्हा चढू नकोस.”

पहिल्या रेकॉर्डवरचा वादक इतका शांत होता, की गेलेलं माणूस जिन्यापर्यंतच गेलं असावं असं वाटे. ड्रमवाल्याला ते फार आवडलं; पियानोवाल्याने नाव बरोबर सांगितलं आणि त्याला किंचित धीर आला. दुसरी लागली ती उतावळी, सुरावर सूर आदळणारी.

“हा शोक करत नाहीये,” पियानोवाला म्हणाला, “घरातलं सामान हलवतोय.”

माणूस गेल्यावर कुणी रडतं, कुणी कपाटं सरकवत बसतं, तोही शोकच, असं ड्रमवाल्याने हळूच सुचवलं. एवढ्या वर्षांत त्याला या गाण्याची एकही तऱ्हा चूक वाटलेली नव्हती, आणि म्हणूनच त्याचं मत कोणी विचारत नसे. पियानोवाल्याने कुणा परक्याचं नाव ठोकून दिलं. पडद्यामागे ताईने ती रेकॉर्ड उतरवली.

मग तिसरं सुरू झालं. सूर उमटण्याआधी श्वास ऐकू आला, बंद खोलीत कोणीतरी जागं व्हावं तसा. पहिली ओळ अर्ध्यावर थांबली, आणि त्या थांबण्यात खोली थंड होत गेली. ड्रमवाल्याने पियानोवाल्याचं मनगट धरलं. आवाज प्लेअरमधून नव्हे, आतल्या खोलीकडे जाणाऱ्या बोळातून आल्यासारखा वाटत होता. शेवटचा सूर विरला तेव्हा पियानोवाला उभा होता आणि त्याचे गाल ओले होते.

“हे दाजी,” तो म्हणाला. “दुसरं कोणी नाही. इतकं सुंदर त्यांच्याशिवाय कोणी वाजवलेलं नाही, आणि हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.”

पडदा सरकला. ताई जमिनीवर बसली होती, मांडीवर रेकॉर्ड, अजून पाकिटातच.

“मी लावलीच नाहीये रे अजून,” ती म्हणाली.

ड्रमवाला बोळात डोकावून आला. दाजींचा ट्रम्पेट तिथल्या कपाटावर होता, कुलूपबंद पेटीत. तेवढ्यात दार वाजलं आणि बाहेर कोणी जिवंत माणूस आहे एवढ्यानेच तिघांच्याही जिवात जीव आला; दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश होते, जे वर्षानुवर्षं छताला काठी मारून दाजींना गप्प करत. हे यांचंच काम असणार, असं पियानोवाल्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

“तक्रार नाही,” न्यायाधीश संकोचून म्हणाले. “आज फार छान वाजलं. कोण आलंय, एवढंच विचारायचं होतं.”

ताईने त्यांना नुसते हात जोडले. ते गेल्यावर ताई म्हणाली, “ह्यांची दुसरी होती. सामान हलवणारी.”

पियानोवाल्याने मान खाली घातली. वाद घालण्याजोगं काही उरलं नव्हतं. तो दाराशी बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला, आणि नाडी त्याच्या बोटांतच राहिली. बोळाच्या टोकाला ट्रम्पेट पुन्हा सुरू झाला होता. या वेळी तीच उतावळी तऱ्हा, तीच सुरांची आदळआपट. मध्येच एक सूर उघडउघड घसरला. सवयीने पियानोवाल्याची जीभ वळवळली. ताई त्याच्याकडे रोखून पाहत होती. गाणं संपलं, आणि आतली शांतता पियानोवाल्याच्या तोंडाकडे पाहत थांबली.

“दाजी,” पियानोवाला कसाबसा म्हणाला, “पुन्हा एकदा वाजवा ना.”

आत कोणीतरी घसा खाकरला आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

ताईने डोळ्यांना पदर लावला. मग बोळाकडे पाहत ती फुरंगटून म्हणाली, “बघ. तू म्हणालास की लगेच. मी हिवाळ्यापासून हाका मारतेय.”