प्लास्टिकमधलं निरंक

जनार्दनच्या हातून निष्काळजीपणाने कधी काही बिघडलं नाही. जे बिघडलं ते सगळं काळजीपोटी. चांदे गावाहून पौडला रोज एसटीने जाऊन एका शाळेत कारकुनी करणारा हा माणूस गेली बावीस वर्षं रोजनिशी लिहीत होता. तारीख, हवा, आलेगेले, आणि शेवटी 'विशेष' असा एक रकाना. बहुतेक दिवशी त्या रकान्यात 'निरंक' असंच लिहावं लागे, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. पण तेही तो रेघ मारून, नीट अक्षरात लिही.

तर २००३ च्या जूनमध्ये पौडच्या स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनचं मशीन आलं, आणि जनार्दनला आयुष्याचा अर्थ सापडला. कागद एका बाजूने आत जायचा आणि दुसऱ्या बाजूने अमर होऊन बाहेर यायचा! पहिल्या आठवड्यात रेशनकार्ड झालं. दुसऱ्या आठवड्यात सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोघांच्या पत्रिका झाल्या. ("आता ग्रह हलायचे बंद," असं त्याची बायको नलिनी म्हणाली. जनार्दनला त्यातला टोमणा चार दिवसांनी कळला.) तिसऱ्या आठवड्यात त्याची नजर आबांच्या ट्रंकेकडे गेली.

आबा म्हणजे त्याचे वडील हैबतराव. सतरा वर्षं पायदळात शिपाईगिरी करून चौऱ्याहत्तर साली घरी आलेले. पासष्टची लढाई पाहिलेले, एकाहत्तरच्या लढाईत पोटरीत गोळी घेतलेले. ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक होतं. फौजेतून सुटताना मिळतं ते हे छोटं पुस्तक. माणूस कुठं लढला, कसा वागला, काय मिळवलं, सगळं त्यात. कडा कुरतडलेल्या, शिलाई ढिली. जनार्दनने ते दोन्ही हातांनी उचललं.

"आबा, हे लॅमिनेट करून आणतो."

आबा अंगणात दावं वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "आन् त्यात पुढं काय लिवायचं आसलं तर?"

"आबा, तुम्हाला सुटून एकोणतीस वर्षं झाली. आता त्यात कोण काय लिहिणार?"

"फौजेचं काय सांगता येत न्हाई," आबा म्हणाले. पण तोवर जनार्दन एसटीत बसलेला होता.

दुकानदाराने शिलाई उसवली, पानं सुटी केली, एकेक पान प्लास्टिकमध्ये घातलं आणि वर स्पायरल मारून दिलं. जनार्दनने त्या रात्री लिहिलं, 'विशेष : आबांचे पुस्तक शंभर वर्षांकरिता निर्धास्त.'

पुढच्या प्रजासत्ताक दिनी पौडला झेंडावंदनानंतर माजी सैनिकांचा सत्कार होता. ज्यांना पदकं आहेत त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. आबांनी लग्नाला घालायचा काळा कोट काढला. त्यावर तिन्ही पदकं लावली. एक पासष्टचं, एक एकाहत्तरचं, एक गोळीचं. ही पदकं ते सुटल्यावर दोन वर्षांनी पोस्टाने आली होती. पोस्टमनने आबांच्या हातात पुडकं दिलं, आबांनी त्याला चहा पाजला, आणि पदकदान समारंभ संपला. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला ती कोटावर चढत. कोणी काही विचारलं नव्हतं.

या वर्षी मात्र दारात टेबल होतं, टेबलामागे एक अधिकारी होता, आणि अधिकाऱ्यापुढे यादी होती.

"बाबा, तुमचं नाव यादीत नाही."

"यादीचं काय घेऊन बसलात साहेब," जनार्दन पुढे झाला आणि पिशवीतून ते चकचकीत पुस्तक काढून त्याने टेबलावर ठेवलं. "मूळ कागद आहे. वाचा."

अधिकाऱ्याने वाचलं. पदकांच्या पानावर इंग्रजीत एकच शब्द होता. (जनार्दनने लॅमिनेट करताना सगळी पानं मोजली होती. वाचली नव्हती, इंग्रजी होती म्हणून.)

"पदकं, निरंक," अधिकारी म्हणाला. "आणि काय स्वच्छ दिसतंय हो! इतर लोकांची पुस्तकं वाचतासुद्धा येत नाहीत."

मागे रांग खोळंबली होती. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला, पण तो पुरेसा खाली आला नाही. "बाबा, नोंद नसताना पदकं लावणं बरं नाही. दुसऱ्याची लावल्यासारखं होतं. काढा ती."

आबांनी काढली. तिसऱ्याची पिन कोटाच्या अस्तरात अडकली. ती सुटेना, आणि जनार्दन मदतीला गेला तर आबांनी त्याचा हात झटकला. ती खुर्ची मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका प्लॉटिंगवाल्याला मिळाली. त्याने अर्ध्या गावाच्या जमिनी विकून दिल्या होत्या, तीही देशसेवाच. आबा लंगडा पाय ओढत मागे जाऊन उभे राहिले, राष्ट्रगीत संपेपर्यंत ताठ. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "जना, मरायच्या आदी त्या खुर्चीत बसनार मी. पदकं लावून."

त्या वर्षी पोळ्याला आबांनी ढवळ्या बैलाची शिंगं रंगवली, झूल घातली आणि कपाळाच्या बाशिंगाखाली तिन्ही पदकं बांधली. ढवळ्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालला.

"अहो आबा, हे काय?" जनार्दन कळवळला.

"ऱ्हाऊ दे. त्येला कोन कागुद मागत न्हाई."

जनार्दनने मग अर्ज लिहायला घेतले. जुन्या फौजींची दप्तरं जिथं ठेवतात त्या कार्यालयाला (नाव नको, अजून एक काम बाकी आहे) त्याने साडेचार वर्षांत त्रेचाळीस अर्ज पाठवले. प्रत्येकाची नक्कल, पोचपावती, रोजनिशीत नोंद. पहिल्या अर्जाला उत्तर आलं की योग्य नमुन्यात पाठवा. योग्य नमुना मागितला तर उत्तर आलं की नमुना अर्जासोबत जोडलेला असतो. एकदा लिहून आलं की हैबतराव नावाचा शिपाई हयात असल्याचा पुरावा द्या. आबा म्हणाले, "पदक मेल्याव घावतंय व्हय? तसं आसंल तर तसं सांगा."

मग कार्यालयाला साक्षीदार हवा झाला, आबांच्या पलटणीतला. एकच उरला होता, कासारसाईचा बहिरू. धरणाच्या कडेला शेळ्या घेऊन बसायचा. जनार्दन प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन त्याच्यापुढे बसला.

"काका, आबांना गोळी लागली ती तुम्ही पाहिलीत?"

"बगितली म्हंजी? मीच खांद्याव घेतला की त्येला. लई जड गडी. आन् आख्ख्या वाटंनं मलाच शिव्या देतुया."

"मग तसं लिहितो."

"शिव्या बी लिवनार?"

"शिव्या नको काका."

"मंग आर्धंच खरं लिवतुयास," बहिरू म्हणाला, पण अंगठा दिला. दोन महिन्यांनी तो गेला. जनार्दन मातीला गेला होता. परत येताना त्याच्या मनात पहिला विचार आला तो, बरं झालं अंगठा आधी घेतला. घरी आल्यावर त्याला त्या विचाराची लाज वाटली आणि त्याने तेही रोजनिशीत लिहिलं.

आणि जुलै २००८ मध्ये पत्र आलं. जुन्या नोंदवहीत तिन्ही पदकं सापडली होती! नोंद करण्यास मंजुरी होती. मूळ डिस्चार्ज बुक घेऊन हजर राहावे.

आबांनी पत्र तीनदा वाचून घेतलं. नलिनीने शिरा केला. जनार्दन दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन कार्यालयात हजर झाला.

तिथल्या मोठ्या कारकुनाने दौतीतली खास काळी शाई काढली, चष्मा पुसला, पदकांचं पान उघडलं आणि निबाने पहिलं अक्षर काढलं. शाईचा थेंब झाला. थेंब प्लास्टिकवरून घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. दोघेही त्याच्याकडे बघत राहिले.

"हे काय आहे?"

"लॅमिनेशन," जनार्दन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो शब्द उच्चारताना अभिमान वाटला नाही.

कारकुनाने शिक्का मारून बघितला. शिक्का घसरला आणि पानावर निळा ओरखडा उठला. त्याने तो रुमालाने पुसला तर पान पुन्हा लख्ख. निरंक!

"मार्करनं लिहिता येईल, साहेब?"

"मार्कर नियमात नाही."

"वरून कागद चिकटवला तर?"

"चिकटवलेली नोंद ग्राह्य नाही." कारकुनाने पुस्तक मिटलं. "तीस वर्षं इथं आहे मी. पावसात भिजलेली पुस्तकं आली, उंदरांनी खाल्लेली आली. सगळ्यांवर लिहिलं. तुम्ही तर याला सरकारच्या हाताबाहेर नेऊन ठेवलंत. हे काढून आणा."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया सुरू झाली. आधी भाताच्या वाफेवर पान धरलं. प्लास्टिकला घाम आला, सुटलं नाही. मग खोबरेल तेल झालं, रॉकेल झालं. शेवटी नलिनी म्हणाली, "गरम करून चिकटवलंय ना? मग गरम करूनच सुटेल," आणि इस्त्री आणली. जनार्दनने फडकं घातलं, इस्त्री ठेवली, आणि काळजीपोटी (आता काय सांगावं!) जरा जास्तच वेळ ठेवली.

प्लास्टिक सुटलं. पण एकटं सुटलं नाही. कागदाची वरची साल घेऊन सुटलं. पहिल्या पानावरचं नाव गेलं, नंबर गेला, विशीतल्या आबांचा मिशी फुटलेला फोटो उलटा होऊन इस्त्रीच्या पत्र्याला चिकटला. दुसऱ्या पानावरून पलटण गेली. तिसऱ्यावरून दोन्ही लढाया. जनार्दन घामाघूम झाला. शेवटी पदकांचं पान उरलं. ते मात्र अलगद, तुळशीच्या पानासारखं, एक ओरखडा न पडता बाहेर आलं.

नलिनीने ते उजेडाला धरलं. "सगळं गेलं बघा. शून्य तेवढं शाबूत राहिलं."

दारात आबा उभे होते. किती वेळ होते कोणास ठाऊक. ते आत आले, इस्त्री हातात घेतली आणि पत्र्यावरच्या आपल्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"मामंजी, यांच्या हातून..." नलिनीने सुरुवात केली.

"आसू दे, सूनबाई. येवडी इस्त्री केल्याली वर्दी मला फौजेत बी मिळाली न्हवती," आबा म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसरी प्रत मागायची तर अर्जात मूळ पुस्तकाचं काय झालं त्याचे रकाने होते. हरवले, जळाले, पुरात गेले, वाळवी लागली.

"वाळवी लिहा," नलिनी म्हणाली.

"खोटं कसं लिहू?"

"खोटं कुठंय? घरातच आहे की."

जनार्दनने 'इतर' वर खूण केली आणि खरं ते सात ओळींत, शपथेवर लिहिलं. कार्यालयाच्या इतिहासात असा अर्ज आला नव्हता. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, प्रत्येकाने वाचला, काहींनी घरी सांगायला लिहून नेला. पुढे जनार्दन चौकशीला गेला तेव्हा भिंतीवर सूचना लागलेली होती : 'चांदे प्रकरणाचा अनुभव लक्षात घेता मूळ पुस्तके लॅमिनेट करू नयेत.' ती सूचना लॅमिनेट केलेली होती.

१९ जानेवारी २०१० ला नवीन पुस्तक रजिस्टर पोस्टाने आलं. पदकांच्या पानावर काळ्या शाईत तीन ओळी. आबांनी पुस्तक थेट पोस्टमनच्याच हातून घेतलं. सात दिवस ते त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात होतं. जनार्दनने एकदा नुसतं बघायला मागितलं तर आबा म्हणाले, "लांबनं बग."

सव्वीस जानेवारीला आबा काळा कोट घालून, तीन पदकं लावून पौडला गेले. टेबल होतं, अधिकारी नवा होता. आबांनी पुस्तक पुढे केलं. अधिकाऱ्याने उघडलंसुद्धा नाही. "या, या बाबा, बसा पुढे. या वर्षीपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांनाच खुर्ची आहे."

आबा बसायला गेले नाहीत. मग त्यांनी स्वतःच पुस्तक उघडलं आणि पदकांचं पान त्याच्या नाकासमोर धरलं. "वाच," ते म्हणाले. "मोट्यानं वाच."

अधिकाऱ्याने वाचलं. तिन्ही नावं, मोठ्याने. मगच आबा जाऊन बसले. शेजारी तोच प्लॉटिंगवाला होता. जनार्दन सत्तरीपुढचा नव्हता, सैनिकही नव्हता. तो दोरीच्या पलीकडे उभा राहिला.

सत्कार झाला. शाल घातली, नारळ दिला, आणि सूत्रसंचालकाने आबांपुढे माइक धरला. "आजोबा, ही नोंद व्हायला इतकी वर्षं लागली. यामागे कोणाचे कष्ट आहेत, दोन शब्द सांगा."

जनार्दनने शर्टाची कॉलर सारखी केली. त्रेचाळीस अर्ज, एक प्रतिज्ञापत्र, सात ओळींची शपथ! आबांनी गर्दीत त्याला शोधलं आणि बोट केलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

"एकाहत्तरला माज्या पायात गोळी घुसली," आबा म्हणाले. "ती डाक्टरनं आर्ध्या तासात काडली. ह्या आमच्या जनानं चडवल्यालं प्लास्टिक निगाया दीड वरीस लागलं. गोळी दुस्मनाची व्हती. ह्यो घरचा हाय."

एवढ्या टाळ्या त्या मैदानात झेंड्यालासुद्धा पडल्या नव्हत्या.

रात्री जनार्दनने रोजनिशी उघडली. हवा स्वच्छ. झेंडावंदन वेळेवर. आबा खुर्चीत बसले, पदकं लावून. आबा चांगले बोलले. मग त्याने रेघ मारली, आणि 'विशेष'च्या रकान्यात, नेहमीच्याच नीट अक्षरात लिहिलं : निरंक.