रामटेके साहेब आणि दुपारचा फेस

"आज तुमच्याकडे फोडणी किती वाजता?"

सकाळी साडेसातला बेल वाजायची, मी दार उघडायची, आणि समोरच्या फ्लॅटमधले रामटेके साहेब हातात वही-पेन घेऊन हा प्रश्न विचारायचे. बिबवेवाडीत शेजारी विरजण मागतात, पेपर मागतात, शिडी मागून परत देत नाहीत. फोडणीची वेळ मागणारा शेजारी आख्ख्या पुण्यात माझ्याच वाट्याला आला. मी "साडेनऊ" म्हटलं की ते लिहून घ्यायचे. मग विचारायचे, "तेल किती? अंदाजे?" आणि "सहकार्याबद्दल आभारी आहे" म्हणून आपल्या दारात नाहीसे व्हायचे.

माणूस वेडा नव्हता. पाणीपुरवठ्याच्या सरकारी खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला होता. मूळ गाव भंडाऱ्याकडे. शेवटची बदली पुण्यात झाली आणि इथेच राहिले. उंच, ताठ, घरातही इस्त्रीचा शर्ट. बोलणं निम्मं फायलीतलं आणि निम्मं भंडाऱ्याचं. "सदर लिफ्ट काहून बंद पडून राहिली बाप्पा?" हे त्यांचं रोजचं वाक्य. कशाचीही चौकशी करायची झाली की त्यांचा एक मंत्र होता, "आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, शेवटी चहा." पाहुण्यांना चहा मिळायला त्यामुळे फार वेळ लागायचा.

मी सदाशिव पेठेत वाढलेली. कोणाचं कौतुक करायची वेळ आली की आमचा घसा बसतो. त्यामुळे साहेबांबद्दल मी आजवर जे बोलले ते सगळं चेष्टेतच बोलले. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, एवढं कळल्यापासून मी त्यांची "केमिस्ट्री मॅडम" झाले आणि माझं डोकं त्यांच्या खात्यात वर्ग झालं.

फोडणीचं मूळ त्यांच्या हॉलमध्ये होतं. तिथे चार फुटी काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. आत भोकाभोकांचे दगड आणि दोन मासे, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. साहेबांनी त्यांची नावं ठेवली होती वरिष्ठ आणि कनिष्ठ. "या जातीत मोठी असते ती मादी," ते समजावून सांगायचे, आणि आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणायचे, "आमच्याकडेही तसंच आहे."

आतल्या वरिष्ठ म्हणजे सुमनताई. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, बारीक चणीच्या, हसऱ्या. साखरेच्या आजाराने त्यांच्या डोळ्यांवर हल्ला केला होता. उजवा डोळा गेला होता. डाव्याचं सांगता येत नाही, जे बघायचं ते बघून घ्या, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. घरी येताना साहेबांनी विचारलं, काय बघायचंय? ताजमहाल म्हणाल्या असत्या तर सोपं होतं. ताई म्हणाल्या, "मुलांना आयुष्यभर फळ्यावर समुद्र काढून दाखवला. कोकणात नेलंत तेव्हा वरून पाहिला. वरून सगळं पाणीच दिसतं. आत काय असते ते पाहायचंय."

म्हणून साहेबांनी समुद्राचा आतला भाग हॉलमध्ये आणला. पण पाणी गढूळ राहायचं. मासे पातळ ताकात सोडल्यासारखे दिसायचे. धड डोळ्यांच्या मलाही दिसायचे नाहीत, ताईंना काय दिसणार? "डोळ्यातला गढूळपणा माझ्या हातात नाही. टाकीतला आहे," साहेब एकदा म्हणाले. सरकारी माणसाच्या तोंडून "माझ्या हातात आहे" हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण साधं नाही.

उपाय म्हणजे प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र. पुण्यातल्या दुकानदारांनी हे नाव ऐकलं की ते म्हणायचे, "काका, त्यापेक्षा गोल्डफिश न्या." पण आमच्या वरच्या मजल्यावरची प्रियांका आयटीत होती आणि कंपनी तिला तीन महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवत होती. साहेब तिला शुभेच्छा द्यायला गेले ते दोन पानी तपशील घेऊनच. येताना तिने चॉकलेटांच्या जागी दोन फुटी नळकांडं जीन्समध्ये गुंडाळून आणलं. "काका, एअरपोर्टवर तिघांनी विचारलं, व्हॉट इज धिस? मी म्हटलं, आय डोन्ट नो, पण माझे काका वेट करतायत. सोडलं लगेच."

यंत्र काय करतं, हे साहेबांनी मला असं सांगितलं. "मांजरी गावाकडे गुऱ्हाळ पाहिलंय ना? रस उकळताना मळी वर येते, ती काढून टाकतात. तेच हे. फक्त उकळीच्या जागी बुडबुडे. माशांची घाण बुडबुड्यांना चिकटते, बुडबुडे नळीतून वर चढतात, त्यांचा फेस होते, फेस वरच्या वाटीत पडते. वाटी ओतून दिली, विषय निकाली."

विषय निकाली निघायला तयार नव्हता. उद्घाटनाला मी आणि माझे मिस्टर हजर होतो. साहेबांनी बटण दाबलं. नळीत पांढरा ढग भरला, वर चढला, वाटी भरली, आणि दूध उतू जावं तसा फेस वाटीवरून थेट मिस्टरांच्या मोज्यांवर आला. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अपेक्षित होतं." पुढचे पाच दिवस मात्र फेसाचा टिपूस नाही. तेही अपेक्षित होतं म्हणे. नवं यंत्र रुळायला आठ-पंधरा दिवस घेतं. "प्रोबेशन," साहेब म्हणाले.

मग सुरू झालं जुळवणं. यंत्राला हवेचा एक स्क्रू होता. साहेब तो पाव फेरा फिरवायचे आणि तासभर समोर बसायचे. पाण्याची पातळी कमी-जास्त करायला यंत्राखाली फरशीचे तुकडे सारायचे, काढायचे. फेस ओला आला तर वाटीत नुसतं पाणी, फार कोरडा झाला तर तो नळीतच अडकून राहणार. अमेरिकेतली वीज वेगळी म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला. लोडशेडिंगमध्ये फेस बसू नये म्हणून इन्व्हर्टर आणला, आणि त्यावर पंखा लावायची ताईंनाही परवानगी नव्हती.

एके दिवशी जमलं. वाटीत काळपट तपकिरी द्रव साचला. साहेबांनी त्याची प्रतवारी ठरवली होती, उसाचा रस, चहा आणि काढा. काढा सर्वोत्तम. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाआधी ती वाटी दाखवली जायची, वास घ्यायला लावला जायचा, आणि मग तशाच रंगाचा चहा समोर यायचा. आमच्या मिस्टरांनी त्या घरी चहा घेणं सोडलं ते आजतागायत.

पाणी मात्र खरंच काचेसारखं झालं. संध्याकाळी ताई टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "काय सुंदर दिसून राहिलं हो. मोठीच्या अंगावरचे पट्टेसुद्धा मोजता येतात." हे ऐकताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं प्रशस्तिपत्र मिळालं नसेल.

आणि मग फेस बसायला लागला. रोज, दुपारी चारच्या सुमारास. सकाळी झकास चढणारा फेस चारला कोसळायचा, तो पार रात्रीपर्यंत उठायचा नाही. दोन-तीन दिवसांत पाण्यावर पुन्हा साय आली.

साहेबांनी चौकशी लावली. विजेचा दाब तपासला, पंप खोलून धुतला, मिठाची पिशवी बदलली. शेवटी कुठेतरी वाचलं की तेलाचा अंश पाण्यात गेला तर फेस मरतो. मला विचारलं. मी शास्त्राला स्मरून सांगितलं, "हो, मरतो." तेवढ्यावर माझ्या फोडणीवर संशय आला. मी म्हटलं, "अहो साहेब, माझी फोडणी सकाळी साडेनऊला असते." ते म्हणाले, "वाफ जिना ओलांडून यायला वेळ लागू शकते. नाकारता येत नाही."

आठवड्याभरात खाली बोर्डावर परिपत्रक लागलं. "सदर इमारतीतील सर्व फोडण्या सकाळी नऊच्या आत उरकाव्यात. तळणीसाठी पूर्वसूचना आवश्यक." दुसऱ्या दिवशी त्याखाली तीन हस्ताक्षरं उमटली. "कांदा चिरायला परवानगी कुठल्या खिडकीवर?" "मासे तळायचे असल्यास तुमच्याकडे आणावेत का?" तिसरं सभ्य नव्हतं. बुद्धपौर्णिमेला रामटेक्यांकडून सगळ्या बिल्डिंगला खीर येते. यंदा ती गच्चीवर शिजली, कारण तूप. खाली टाकी, वर भर उन्हात साहेब पातेलं ढवळतायत, हे दृश्य आम्ही सगळ्यांनी मन लावून पाहिलं. खीर उत्तम होती. फेस चारला बसला.

ताई या सगळ्यात एवढंच म्हणायच्या, "राहू द्या ना जी. फेसच तर आहे." साहेब ऐकायचे नाहीत. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, डाव्या डोळ्याचं काही खरं नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे दिवस पाणी स्वच्छ पाहिजे." तेव्हा मी चेष्टा केली नाही.

निरीक्षणात एक भोक होतं आणि ते साहेबांनाच सापडलं. रोज साडेतीनला ते टाकीत घालायचं शुद्ध पाणी आणायला स्कूटरवर जायचे, आणि साडेचारला परत यायचे. म्हणजे फेस बसतो त्या वेळी अभियंता साइटवर नसतोच! "अचानक तपासणी," त्यांनी जाहीर केलं. कॉलेजला सुट्टी होती, त्यामुळे मी तटस्थ साक्षीदार.

ठरल्याप्रमाणे ते साडेतीनला मोठ्याने "येतो गं" म्हणून निघाले, आणि खाली न जाता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चारला पाच मिनिटं असताना आम्ही दोघं चोरासारखे त्यांच्या दाराशी गेलो. साहेबांनी हळूच किल्ली फिरवली. माझी खात्री होती की कुठल्यातरी फ्लॅटमधून भज्यांचा वास येताना सापडणार.

टाकीसमोर एका डुगडुगत्या पाटावर ताई उभ्या होत्या. पदर खोचलेला, बाही वर सारलेली, आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. शेजारी टेबलावर खोबरेल तेलाची बाटली उघडी होती. साखरेने हातपाय कोरडे पडतात म्हणून दुपारी उठल्यावर त्या तेल चोळतात, हे मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. दोन्ही मासे त्यांच्या बोटांशी आले होते. मोठी करंगळीला टोचत होती. ताईंचा चेहरा मात्र टाकीकडे नव्हताच, तो भिंतीकडे होता.

"ही मोठी," त्या हसत म्हणाल्या. "चावते मेली. आणि हा लहान, हा नुसता घासून जाते. आले दोघं? हजर." वर्गात हजेरी घ्यावी तसा तो आवाज. मग जरा थांबून माशांनाच म्हणाल्या, "काल पुन्हा सांगितलं त्यांना, पाणी आरशासारखं दिसून राहिलं म्हणून. मला तर दिवाळीपासून उजेड-अंधार एवढंच कळते. पण एवढं करून राहिले बिचारे. तुम्ही सांगाल नाही बरं."

तेव्हा वैशाख सरत आला होता. मी मनात महिने मोजले आणि मोजायचं सोडून दिलं.

साहेबांनी दार जसं उघडलं तसंच लावलं. कुलपाचा आवाजसुद्धा येऊ दिला नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "सदर..." एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. इस्त्रीच्या शर्टाला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतके महिने मी या माणसाच्या वहीवर हसत होते, याची लाज वाटली.

साडेचार वाजेपर्यंत ते तसेच बसले. मग उठून स्कूटरवर गेले, पाणी आणलं, आणि बेल वाजवून घरात शिरले. उघड्या दारातून मला ताईंचं ऐकू आलं, "आज छान दिसते हो पाणी." साहेब म्हणाले, "दिसायलाच पाहिजे. मोठी आता डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर बसली आहे. लहान तिच्या मागे मागे चाललाय. आता तिने त्याला हाकललं." थांबलेच नाहीत. आजही ते संध्याकाळी तासभर असंच बोलत असतात, आणि ताई टाकीकडे तोंड करून ऐकत असतात.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक बोर्डावरून गेलं. टाकीजवळ एक रुंद, भक्कम, रबरी पायांचा चौरंग आला. "स्क्रू फिरवायला मला उंची कमी पडते," असं पावणेसहा फुटी साहेबांनी मला गंभीरपणे सांगितलं. आता रोज रात्री ते पाव फेरा फिरवून फेस पुन्हा उठवतात. त्याबद्दल कोणालाही काही विचारत नाहीत.

एक नवी सवय मात्र लागली आहे. पाणी घेऊन परत येताना ते पहिल्या मजल्यापासूनच खोकायला लागतात. मोठ्यांदा, खाकरून, पायरीपायरीला थांबून. ताईंना हात पुसायला आणि चौरंगावरून उतरायला तेवढा वेळ मिळावा म्हणून.

परवा ताई माझं दार चाचपडत आल्या. चेहऱ्यावर काळजी होती. "यांचा खोकला काही जाऊन नाही राहिला," त्या म्हणाल्या. "विचारलं तर काही नाही म्हणतात. मला काही लपवता येत नाही यांच्यापासून, पण हे लपवतात. तुम्ही एखादं चांगलं औषध आणून द्याल का?"

मी म्हटलं, "आणते."