समुद्रासाठी हंगामी भरती

नाटकाच्या दिवशी दुपारी ग्राफिक्स कार्डाचे चारही स्क्रू वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले, आणि कूलर कार्ड सोडून टेबलावर येऊन बसला.

रत्नागिरीतल्या हेमांगीच्या हौशी मंडळाचं गलबताचं नाटक संध्याकाळी स्पर्धेत होतं. त्यातला समुद्र तिनं कॉम्प्युटरवर घडवला होता आणि तो प्रयोगभर मागच्या पडद्यावर उसळायचा होता. कूलर नसला की कार्ड तापणार, कार्ड तापलं की समुद्र आटणार. दिग्दर्शक मुकुंदकाका, नाटकात गलबताचे तांडेल म्हणजे कप्तान झालेले, मुळातच या समुद्राच्या विरोधात होते.

"काय गो, येतोय ना तुझा समुद्र? नाहीतर आपला रंगवलेला पडदा आहेच."

"येतोय, काका!" ती म्हणाली आणि कूलरकडे वळली. "परत बसाल ना हो?"

"बसेन की. पण चार जागा रिक्त आहेत, त्या भरा. हंगामी चालतील, अनुभवी हवेत."

मुलाखती मेकअपच्या खोलीत झाल्या. वेशभूषा सांभाळणाऱ्या कुमुदमावशींनी आपल्या डब्यातून उमेदवार पुढे केले. तापल्यावर काय करता, या पहिल्याच प्रश्नाला रबरबँडनं "वितळतो" असं खरं उत्तर दिलं, म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवलं. सुतळी लगेच निवडली गेली. मुकुटाची तार आणि शेल्याची सेफ्टी पिन या धातूच्या; शॉर्टसर्किट नको म्हणून आजूबाजूच्या कशालाही हात लावणार नाही, असं तोंडी वचन घेऊन त्यांना रुजू केलं.

"चौथा कोपरा सगळ्यात जास्त तापतो," कूलर म्हणाला. "तिथे भरल्या थिएटरात कधीही न सुटलेला कोणीतरी द्या."

कुमुदमावशींनी मुकुंदकाकांच्या कमरेकडे पाहिलं. तांडेलाच्या तुमानीची नाडी मंडळात सगळ्यात ज्येष्ठ होती.

"भलतंच काय!" काका ओरडले.

पहिली घंटा झाली. हेमांगीला रडूच फुटलं. ते पाहून काकांनी नाडीची गाठ ओढली.

"घे. सुकाणू धरायला मला एक हात पुरतो."

नाडी आवळताच कूलर भिरभिरला. तिसऱ्या घंटेला पडदा सरकला आणि समुद्र असा उसळला, की मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. हेमांगी विंगेत आनंदानं उड्या मारत होती. कमरेवर मूठ आवळून वादळात उभा राहिलेला तांडेल बघून एक परीक्षक दुसऱ्याला म्हणाले, "काय रुबाब आहे!"

नाटक संपलं. कलाकार रांगेत उभे राहिले. प्रेक्षकांना नमस्कार करायचा तर दोन्ही हात जोडावे लागतात, हे तोवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकांनी घाबरून विंगेकडे पाहिलं.

"पाणी वाढवा," कूलर आतून म्हणाला. "आम्ही पाचहीजण धरून आहोत."

हेमांगीनं भरती सोडली. समुद्र पडद्यावरून उतरून सगळ्या कलाकारांच्या कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी चपला हातात घेतल्या. मुकुंदकाकांनी मनसोक्त, दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

नाडीला त्याच रात्री कायम करण्यात आलं. पाणी ओसरल्यावर रंगमंच पुसायला काही मिळेना, तेव्हा मुकुंदकाकांनी एका हातानं तुमान धरून, दुसऱ्या हातानं स्वतःच तो रंगवलेला पडदा ओढून आणला.