बगळ्याबाबतचा खुलासा

'तेलुगू भाषा, साहित्य आणि संस्कृती' या अर्धवेळ अभ्यासक्रमाच्या अर्जात 'हा विषय का निवडला?' असा एक प्रश्न होता. त्याखाली मी 'भाषेवरील प्रेमापोटी' असं लिहिलं. बत्तीस वर्षांच्या बातमीदारीत मी इतकं धादांत खोटं दुसरं काही लिहिलेलं नाही. खरं कारण होतं आमचा नवा संपादक.

हा संपादक माझ्या काही शर्टांपेक्षा लहान आहे. एका सोमवारी त्याने मीटिंगमध्ये कसल्याशा ट्रेनिंगची यादी वाचली आणि माझ्या नावावर आल्यावर प्रेमळपणे म्हणाला, "काकांना नको. या वयात नवीन काही डोक्यात शिरत नाही." सगळे हसले. (यातल्या दोघांना बातमीचा पहिला परिच्छेद मी शिकवला आहे. दुसरा शिकवायला नको होता असं आता वाटतं.)

मी त्याच दुपारी तडक विद्यापीठात गेलो. अर्धवेळ अभ्यासक्रमांच्या खिडक्यांपैकी फक्त एका खिडकीसमोर रांग नव्हती. आतल्या कारकुनाने डबा बंद केला आणि संशयाने विचारलं, "तेलुगूच पाहिजे ना? नक्की?"

"का? नाही मिळणार?"

"मिळेल हो. पण सहसा कोणी विचारत नाही."

मला कोणी 'सहसा कोणी करत नाही' असं सांगितलं की मी ते करतो. माझ्या लग्नासकट सगळे निर्णय मी याच पद्धतीने घेतले आहेत.

घरी आल्यावर बायकोने पावती वाचली. ती एका शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

"तेलुगू?" ती म्हणाली. "सुनेला खूश करायला?"

हे मला सुचलंच नव्हतं. आमची सून तेलुगू. ती दातांची डॉक्टर, मुलगा जहाजावर इंजिनियर, आणि त्यांची तीन महिन्यांची मुलगी आमच्या घराची सर्वाधिकारी. तिच्यासाठी विहीणबाई येऊन राहिल्या होत्या.

"अर्थात!" मी म्हणालो. "घरात दोन भाषा असताना एकच येणं हा अडाणीपणा आहे."

"मग गेली चार वर्षं काय होतं?" बायको म्हणाली आणि पावती फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून टाकली. परतीची वाट बंद.

दर शनिवारी सकाळी वर्ग भरे. आम्ही विद्यार्थी चौघे: एक नर्स, एक ट्रकचे सुटे भाग विकणारा, एक निवृत्त नकाशाकार आणि मी. पहिल्या दिवशी बाईंनी फळाभर अक्षरं लिहिली. सगळी गोल गरगरीत, आणि बहुतेकांच्या डोक्यावर 'बरोबर'ची खूण. मला वाटलं, बाईंनी आधीच सगळं तपासून ठेवलंय. मी तशी शंका विचारलीही. बाई म्हणाल्या, ती खूण अक्षराचाच भाग आहे. चुकीच्या उत्तरावरसुद्धा जिथे बरोबरची खूण आपोआप येते अशी लिपी मला फारच आवडली.

खोटं कशाला सांगू, सहा महिन्यांत मी त्या भाषेच्या प्रेमात पडलो. घरी विहीणबाई मला 'अन्नय्यगारु' म्हणत, म्हणजे 'दादासाहेब' असं समजा. त्या अन्नय्यगारुला मी आता अडखळत का होईना उत्तर देऊ लागलो. त्यांना मराठी बऱ्यापैकी येतं, पण माझं तेलुगू ऐकायला त्या पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत. मी ते कौतुक समजत असे.

आणि मग बाईंनी गृहपाठ दिला. वीस गुणांचा.

"घरातली मौखिक परंपरा," बाई म्हणाल्या. "एका व्यक्तीकडून एक गाणं किंवा गोष्ट घ्यायची आणि ती सांगते तशी लिहून आणायची."

"एकाच व्यक्तीकडून?" मी विचारलं.

"हो."

"दुसरी बाजू नाही घ्यायची?"

"काका, गाणं आहे ते. गाण्याला बाजू नसते."

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं मी एका बाजूवर बातमी दिलेली नाही. पाणीपुरवठ्याच्या साहेबाला सकाळी सहाला उठवून प्रतिक्रिया घेतली आहे, भुलीतून अर्धवट बाहेर आलेल्या नगरसेवकाची घेतली आहे. म्हणूनच आजवर माझ्या एकाही बातमीवर खुलासा छापण्याची वेळ आलेली नाही. एकदाही नाही. आमच्या ऑफिसात हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. (मीच सांगतो.)

विहीणबाईंची अंगाई आमच्या घरात रोज दोनदा व्हायची, आणि नात दुसऱ्या कशालाच झोपत नसे. तळ्याकाठी बगळा उभा आहे, एका पायावर. मासोळी विचारते, झोपलास का? बगळा म्हणतो, नाही. शेवटी बगळा खरंच झोपतो, आणि त्याच्याबरोबर आमची नात. मी वही उघडून समोर बसलो.

"हे गाणं कोणाचं?"

"माझ्या आईने माझ्यासाठी रचलं," विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या. "फक्त माझ्यासाठी."

मी लिहून घेतलं आणि त्याखाली सवयीने रेघ मारून लिहिलं: 'याला दुजोरा?'

दुजोऱ्याचा नंबर फ्रिजवरच होता, माझ्या पावतीशेजारी. विहीणबाईंच्या थोरल्या बहिणीचा. या दोघी बहिणी चाळीस वर्षं, दर रविवारी सकाळी अकराला, न चुकता फोनवर बोलतात. सून म्हणते, तिचं लग्नसुद्धा त्यांनी अकराच्या आधी उरकायला लावलं होतं. मी ऑफिसातून थोरल्या बहीणबाईंना फोन लावला, अगदी शुद्ध पुस्तकी तेलुगूत स्वतःची ओळख करून दिली आणि विचारलं, "सदर अंगाई आपल्या मातोश्रींनी आपल्या धाकट्या भगिनीसाठी रचली, हे खरं आहे का?"

पलीकडून मग तेलुगूचा असा लोंढा आला की मी पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. सारांश असा: गाणं आईने थोरलीसाठी रचलं. धाकटी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. आणि बगळा झोपत नाही, शेवटी तो उडून जातो. झोपणारा बगळा ही धाकटीची बनवाबनवी आहे.

माझे कान टवकारले. गृहपाठात बातमी होती!

नियमाप्रमाणे मी घरी येऊन विहीणबाईंना विचारलं, "आपल्या बहिणीचं म्हणणं असं आहे. यावर आपली बाजू?"

त्या बाळाचे कपडे घडी करत होत्या. हातातलं टोपरं तसंच राहिलं. "अक्का असं म्हणाली? बनवाबनवी?"

"शब्दशः." मी वही दाखवली.

त्यांनी बाजू मांडली. मी ती थोरलीला कळवली. तिने प्रत्युत्तर दिलं. मी ते धाकटीला कळवलं. (मधल्या काळात माझं तेलुगू कमालीचं सुधारलं, हे नमूद केलं पाहिजे. भांडणाइतकी चांगली शिकवणी नाही.) गुरुवारपर्यंत माझ्याकडे नऊ पानं आणि मथळा तयार होता: 'अंगाईच्या मालकीवरून दोन बहिणींत तीव्र मतभेद, बगळ्याचं नेमकं काय झालं?'

शुक्रवारी संध्याकाळी विहीणबाईंनी खोलीतून बॅग बाहेर आणली.

"रिपोर्टरगारु," त्या म्हणाल्या. सहा महिन्यांचा दादासाहेब एका शब्दात गेला. "सोमवारचं तिकीट काढून द्या. जे गाणं माझं नाही ते मी कशाला म्हणू?"

"सोमवारी?" सून दवाखान्याच्या किल्ल्या हातात घेऊन दारातच थांबली. सोमवारपासून ती पुन्हा पेशंट घेणार होती. "अम्मा, बाळाला कोण झोपवणार?"

"तुझ्या सासऱ्यांना विचार. दोन्ही बाजू घेतील आणि झोपवतील."

नातीने त्याच वेळी भोकाड पसरलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं. दातांची डॉक्टर ज्या नजरेने किडलेली दाढ पाहते, त्या नजरेने.

"बाबा, तुम्ही मावशीला फोन केलात?"

"प्रतिक्रियेसाठी," मी म्हणालो. "एकतर्फी लिहिणं मला..."

"अहो, अंगाई होती ती!" बायको ओरडली. "धरणाचं टेंडर नव्हतं!"

"वस्तुस्थिती ती वस्तुस्थिती..."

"चाळीस वर्षं त्या दोघी बोलतायत. परवा फोन वाजला नाही तर त्याला जबाबदार कोण, ते छापा आधी. आणि चूक दुरुस्त करा."

"मी खुलासा देत नाही," मी ताठ मानेने म्हणालो.

"मग रात्रंदिवस बाळ तुम्ही घ्या."

मी शनिवारी वर्गात खुलाशाचा मसुदा घेऊन गेलो.

बाईंनी तो वाचला. 'अनवधानाने काही मजकूर अयोग्य ठिकाणी पोहोचला असल्यास आम्ही दिलगीर आहोत,' अशी भारदस्त सुरुवात होती. बाईंनी लाल पेन उघडलं.

"अनवधानाने? नऊ पानं?"

"तशी पद्धत असते."

"आणि 'आम्ही' कोण?"

"वृत्तपत्रीय आम्ही."

"भांडण लावायला किती जण होतात?"

"एक."

"मग 'मी' लिहा. आणि 'असल्यास' काढा."

शेजारची नर्स मान वाकडी करून वाचत होती. ती म्हणाली, "काका, माफी पहिल्या ओळीत घ्या. पेशंटला आधी आराम पडला पाहिजे." मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो की महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत घ्या. आज ते इंजेक्शन मला टोचलं. अकरा ओळी लिहायला साडेतीन तास लागले. तेवढ्या वेळात मी एकदा अख्खा पूर लिहिला होता.

रविवारी अकरा वाजले. फोन वाजला नाही.

विहीणबाई सोफ्यावर, बॅग पायाशी. त्या टीव्हीकडे पाहत होत्या. टीव्ही बंद होता. नात सुनेच्या खांद्यावर, सकाळपासूनचा तिसरा रडण्याचा कार्यक्रम चालू. अकरा वाजून सहा मिनिटांनी मी स्वतः नंबर लावला, स्पीकर चालू केला, कागद काढला आणि उभा राहिलो. कागद उलटा धरला होता, तो सुलटा केला. मुख्यमंत्र्यांना भर पत्रकार परिषदेत खोटं पाडताना नव्हता उलटा धरला.

"मी चुकलो," मी तेलुगूत वाचायला लागलो. "गाणं तुमच्या आईचं आहे, म्हणून ते दोघींचं आहे. बगळा झोपतो. बगळा उडतोसुद्धा. जिथे कोणी मला विचारलं नव्हतं तिथे मी विचारायला गेलो..."

"कोण बोलतंय?" फोनमधून थोरली म्हणाली. "काय झालंय त्याला?"

विहीणबाईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. पण त्यांचा खांदा हलला.

मी वाचत राहिलो. चौथी ओळ झाली, पाचवी झाली.

"अगं, हा चौथ्या ओळीत काय म्हणाला?" फोन.

"माफी मागतायत, अक्का," विहीणबाई म्हणाल्या. भांडणानंतर बहिणीशी थेट पहिलं वाक्य. "आवाज असाच आहे. रोज ऐकते मी."

"रोज? बिचारी!"

पदर तोंडाशी गेला. (ते कौतुक नव्हतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं.) फोनमधूनही खुसखुस ऐकू आली. मग दोघी एकाच वेळी माझी चौथी ओळ दुरुस्त करू लागल्या. एक डावीकडून, एक फोनमधून, आणि मी मध्ये 'पुन्हा म्हणा' असं ऐकत उभा.

"तुला झोपवायची वेळ होईपर्यंत आई थकलेली असायची," हसू ओसरल्यावर थोरली हळूच म्हणाली. "माझ्या वेळी ती एकटीच होती माझ्यापाशी, सगळी कडवी म्हणायची, बगळा उडेपर्यंत. तुझ्या वेळी मीही पायात, घरभर काम. पहिल्या कडव्यातच बगळ्याला झोपवून टाकायची. मी पाहिलंय ना. आपण दोघी खऱ्या आहोत, चिन्नी."

विहीणबाईंनी बॅग पायाने सोफ्याखाली ढकलली.

दोन्ही बाजूंचा एकमताचा निष्कर्ष! मी खिशातून वही काढली. बायकोने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

आणि तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकदम जाणवलं की खोलीत शांतता आहे. नात सुनेच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"केव्हा झोपली?" मी कुजबुजलो.

"तुम्ही वाचत होता तेव्हा," सून म्हणाली. "पाचव्या ओळीला."

संपादक एकदा माझ्या एका लेखाविषयी असंच काहीसं म्हणाला होता.

गृहपाठाला वीसपैकी अकरा गुण मिळाले. शेरा: 'संकलन उत्तम. अभ्यासकाने क्षेत्रकार्यात भांडण लावू नये.' डोक्यावर बरोबरची खूण नव्हती.

विहीणबाई राहिल्या, मी पुन्हा अन्नय्यगारु झालो, रविवारचा फोन आता दीड तास चालतो. अडचण एवढीच की नातीला बगळा आता चालत नाही. झोपलेला नाही, उडालेलाही नाही. तिला खुलासा लागतो. सकाळी मी कामावर जाण्याआधी उभा राहून वाचतो, आणि दुपारी अडीचला भर न्यूजरूममधून फोनवर. ज्या माणसाने बत्तीस वर्षांत एकही खुलासा दिला नाही, तो आता दिवसातून दोनदा देतो. साप्ताहिक सुट्टी नाही.

परवा संपादक खुर्ची ओढून जवळ आला. "काका, राग मानू नका, पण रोज इतकी माफी कोणाची मागता?"

"तेलुगू कळतं तुला?" मी विचारलं.

"नाही. पण माफी कळते. तुमच्याकडून पहिल्यांदाच ऐकली."

मी संध्याकाळी घरी आलो आणि विहीणबाईंना म्हणालो की आता निदान खुलासा तरी निर्दोष करू. चौथी ओळ पुन्हा शिकवा.

"नको, अन्नय्यगारु," त्या घाईने म्हणाल्या. "ती चूक राहू द्या. काल मी ती ओळ बरोबर म्हणून पाहिली, तर बाळाने डोळे उघडले."